पौर्णिमाच्या नावानं विमा

त्या रविवारी तेर गावातल्या सरवदेंच्या घरात सकाळपासून शिऱ्याचा वास दरवळत होता. पौर्णिमाच्या लग्नाची बैठक होती. मुलगा प्रसेनजित धाराशिवला सरकारी इंजिनिअर, वडील तात्याराव निवृत्त शिक्षक. पसंती आधीच झाली होती, आता फक्त देण्याघेण्याचं ठरायचं होतं. म्हणे देण्याघेण्याचं! हे तात्याराव गुरुजी हुंड्याविरुद्ध बोलण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. कुणाचंही लग्न असो, माईक हातात आला की हुंडा घेणाऱ्यांची सालटी काढायचे. बायका पदरानं डोळे पुसायच्या.

पौर्णिमाचे वडील राजपाल एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. लेक एकुलती एक, शाळेत गणित शिकवणारी, तिशीला टेकलेली. आधीची स्थळं कुठं मोटारीवर, कुठं फ्लॅटवर अडून मोडली होती. नातेवाईक भेटले की पहिला प्रश्न तिच्या लग्नाचाच असायचा आणि राजपाल उत्तर देऊन मेटाकुटीला आला होता. हेही स्थळ गेलं तर पोरीचं कसं होणार, या काळजीनं त्याला घास उतरत नव्हता.

पाहुणे नव्याकोऱ्या गाडीतून आले. मुलाची आई धुरपताबाई भिंती, पंखा, टीव्ही असं सगळं निरखत खुर्चीत बसल्या. तात्यारावांनी घसा खाकरला.

"आम्हाला काही नको. सोनं नको, भांडी नकोत, फर्निचर नको. फक्त मुलीच्या नावानं एक विमा काढा. हप्ता तेवढा तुम्ही भरा. शेवटी आहे तो तुमच्याच मुलीच्या नावानं!"

राजपालला गहिवरून आलं. त्याला विमा ठाऊक होता तो एकाच जातीचा. नोकरीला लागल्यावर त्यानं काढलेला, पगारातून हप्ता कापला जाणारा. मुदत संपली तेव्हा बोनससकट रक्कम हातात पडली होती आणि पौर्णिमाचं कॉलेज त्यातूनच झालं होतं. विमा म्हणजे परत येणारा पैसा, एवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तो लगबगीनं स्वयंपाकघरात बायकोकडं गेला.

"नंदा, ऐकलंस का? पोरीच्या नावानं विमा मागायलेत! आपला पैसा आपल्याच लेकीला. लई देवमाणसं हायत ही!"

नंदाचे डोळे भरून आले. पौर्णिमा ट्रेमध्ये कपबशा लावत होती.

"कोणता विमा, पप्पा?"

"कोणता म्हंजी? विमा म्हंजी विमा!"

ती चहा घेऊन बाहेर आली आणि तोच प्रश्न तिनं प्रसेनजितला विचारला. त्याला बरंच वाटलं. या विषयात त्याला गती होती.

"टर्म प्लॅन. हप्ता कमी आणि कव्हर मोठं. तुला काही झालं तर एक कोटी मिळतात."

"काही झालं म्हणजे?"

"म्हणजे... मृत्यू."

"मिळतात कुणाला?"

"नॉमिनीला. म्हणजे मला."

"आणि मी आजारी पडले तर?"

"त्याला आरोग्य विमा लागतो. दवाखान्यात भरती झालं की बिल तो भरतो. टर्ममध्ये ते येत नाही."

"तो तुमच्या घरी आहे?"

"आहे ना. माझा, आईचा, बाबांचा."

"लग्नानंतर त्यात माझं नाव घालाल?"

प्रसेनजितनं बापाकडं पाहिलं. तात्याराव म्हणाले, "बाळंतपण, दुखणंखुपणं पहिली काही वर्षं माहेरचे बघतात. रीतच आहे ती."

"आणि अपघातात माझा हात-पाय गेला तर?"

"त्याचा अपघात विमा वेगळा असतो," प्रसेनजित पुटपुटला.

धुरपताबाई कडाडल्या, "आगं बाई, बैठकीत हातपाय मोडायच्या गोष्टी करती व्हय?"

"मरायची गोष्ट तुमीच काढली, काकू."

"पौर्णिमे!" राजपाल ओरडला. "गप आत जा!" नंदानं येऊन तिचा दंड धरला. पौर्णिमा जागची हलली नाही. तिनं दाराबाहेर बोट दाखवलं.

"गाडीचा कोणता विमा काढलाय?"

आता तरी या मुलानं तोंड मिटावं की नाही! पण गाडी त्याची लाडकी. "फुल काढलाय. नुसत्या थर्ड पार्टीत आपण दुसऱ्याला ठोकलं तर त्याचीच भरपाई होते. आपल्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर, सगळं आलं पाहिजे."

"म्हंजी गाडी ठोकली तर ती दुरुस्त व्हावी. म्या आजारी पडले तर माहेरी जावं, लुळी झाले तरी माहेरी जावं. आन मेले की पैसे तुमाला. हप्ता माझ्या बापानं भरायचा. काढा बरं माझ्या नावानं गाडीसारखा विमा!"

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. टर्म विमा वाईट नाही. कमावतं माणूस अवेळी गेलं तर मागच्यांची चूल पेटती राहावी म्हणून तो असतो आणि ज्याच्या जिवावर घर चालतं त्यानं तो काढलाच पाहिजे. पण अजून उंबरा न ओलांडलेल्या सुनेच्या मरणाची किंमत ठरवायची, तिच्या बापाकडून हप्ते वसूल करायचे आणि वर स्वतःला हुंडाविरोधी म्हणवून घ्यायचं, हा नीचपणा आहे. मला या लोकांची चीड येते. उघड हुंडा मागणारा निदान तोंडाला फडकं बांधत नाही.

तात्यारावांचा मुखवटा गळाला. "सरवदे, मुलीला वळण नाही तुमच्या! तिशीपर्यंत घरात का बसली, ते आज कळलं."

राजपालनं हात जोडले. अजूनही त्याला वाटत होतं, पोरीचा काहीतरी गैरसमज झालाय.

"गुरुजी, तिचं मनावर घेऊ नगा. तुमीच समजावून सांगा. मुदत सपली आन पोरगी खुशाल असली, तर पैसा तिलाच भेटतोय, न्हाय का?"

"अहो, मग कसला पैसा?" तात्याराव खेकसले. "जगली तर हप्ते वायाच की!"

राजपालचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

"वाया?" तो म्हणाला. "माझी लेक जगली तर वाया?"

"तसं नव्हे हो, हिशेबाच्या भाषेत..."

"उठा."

"काय?"

"उठा म्हणलं! ह्या घरात तुमाला पोरगी न्हाय."

जाता जाता धुरपताबाई उंबऱ्यावर थांबून म्हणाल्या, "हिचं लग्न कुठं जमतंय ते बघतेच!"

आणि त्यांनी बोल खरा केला. पोरगी तोंडाळ आहे, भर बैठकीत होणाऱ्या सासऱ्याच्या जिवावर उठली, असं गावोगाव पसरलं. पुढची दोन स्थळं घर न बघताच फिरली. नंदा कितीतरी दिवस लेकीशी धड बोलली नाही. राजपाल मात्र एक दिवस पौर्णिमाजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "म्या व्हय म्हणलो होतो, पोरी. कशाचा हप्ता भरणार हे न इचारता व्हय म्हणलो होतो." त्यानंतर जिथं जिथं अशी बैठक असल्याचं कानावर येई तिथं तो आपणहून जाऊन विमा कसला ते विचारू लागला. कुठं लोक हसले, कुठं त्याला हाकललं.

माकणी गावात त्याच्या धाकट्या भावाच्या मुलीची, विशाखाची बैठक होती. मुलाकडच्यांनी हुंडा नको म्हटलं आणि मुलीच्या नावानं विमा मागितला. भावानं राजपालला मुद्दाम कळवलं नव्हतं, तरी तो दारात उभा राहिला आणि सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "पोरगी जगली तर काय भेटतंय?"

भावानं त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं ढकललं. "दादा, तुझ्या पोरीचं झालं तेवढं पुरं. माझ्या लेकीचं वाटोळं करू नगंस. नीघ!"

आतला पडदा सरला. नवी साडी नेसलेली विशाखा बाहेर आली, बापाला बाजूला सारून तिनं चुलत्याला आत घेतलं आणि पाहुण्यांसमोरची खुर्ची त्याला दिली.

"बसा, मोठे पप्पा," ती म्हणाली. "पप्पा, ह्यांना म्याच बोलावलंय. आन त्यांनी इचारलंय त्याचं उत्तर मला पायजे."