सात नंबरचा गट

“हे काढायचं नाही हं. हरवलात तर यावरून शोधता येतं,” असं म्हणत गाइडबाईंनी सात नंबरचा गोल पिवळा स्टिकर त्याच्या शर्टावर चिकटवला आणि वरून अंगठा दाबला. आधीच्या एकोणतीस प्रवाशांना दाबला होता तेवढाच. तिसावा तो होता, आणि गाइडबाई त्याची बायको होती.

खरं तर तो प्रवासी नव्हताच. धक्क्याला लागलेल्या त्या भल्यामोठ्या पांढऱ्या क्रूझवर, पाण्याच्या पातळीखाली दोन मजले, लाँड्री होती. तिथे तो एकोणीस वर्षं इस्त्री करत होता. बोटीवर सगळे त्याला मास्तर म्हणत. वर्षातून एकदा बोट त्याच्या स्वतःच्या शहराला लागायची, सकाळी नऊ ते दुपारी चार. त्यातले पाच तास वरच्या साहेबाच्या हातापाया पडून त्याने मिळवले होते. मागच्या सुट्टीनंतर आठ महिन्यांनी बायको भेटणार म्हणून आदल्या दिवशी आपला एकुलता एक चांगला शर्ट त्याने तीनदा इस्त्री केला होता.

“सुट्टी नाही मिळाली रे,” भेटल्या भेटल्या ती हळूच म्हणाली होती. “बोट आली की आमच्यात कुणालाच मिळत नाही.”

“अगं, पण बोट आली म्हणूनच मी आलोय ना.”

“ते आमच्या साहेबाला सांग जा.” ती हसली. मग हातातली यादी बघून म्हणाली, “गटातला एक जण उतरलाच नाहीये. त्याच्या जागी चल. तेवढंच बरोबर राहू.”

अशा रीतीने, ज्या शहराच्या गल्लीबोळांत लहानपणी शेंबूड पुसत उंडारले, ते शहर बघायला मास्तर छातीवर नंबर लावून निघाले.

खिशात एक कागद होता. आणखी दोन वर्षांचा करार. सही करून संध्याकाळपर्यंत दिला तर नोकरी चालू, नाहीतर महिनाअखेरीस घरी. हे तिच्याशी घरी बसून, चहा घेत निवांत बोलायचं असं त्याने ठरवलं होतं. खरं सांगायचं तर त्याला बोलायचंही नव्हतं. तिने आपणहून म्हणावं, ‘पुरे झालं आता, ये घरी,’ एवढंच त्याला हवं होतं.

ती पुढे चालत होती, तीही उलटी, तोंड गटाकडे करून. जुन्या वेशीच्या झिजलेल्या पायऱ्या न बघता चढत होती. कुठल्या राजाने कुठली भिंत का बांधली, कुठल्या राणीने ती पाडायला का लावली, हे असं रंगवून सांगत होती की लोक फोटो काढायचे विसरत होते. सहा वर्षं ती हे काम करत होती आणि तो पहिल्यांदाच ऐकत होता. ही हे सगळं कधी शिकली? तेव्हा आपण कुठल्या समुद्रावर उशांचे अभ्रे दुमडत होतो? त्याला तिचा अभिमान वाटला आणि त्याच दमात फार एकटं वाटलं.

गटातला एकही चेहरा त्याच्या ओळखीचा नव्हता. कपडे मात्र सगळे ओळखीचे होते. एका आकाशी शर्टाचं दुसरं बटण त्यानेच बदललं होतं. त्या शर्टातले गृहस्थ शेजारी आले तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, “कॉफीचा डाग गेला की पूर्ण.”

गृहस्थांनी शर्टाकडे पाहिलं. “हो? तुम्ही कुठल्या मजल्यावर आहात?”

“खालच्या.”

“समुद्र छान दिसत असेल.”

“आमच्या बाजूने नाही दिसत,” मास्तर म्हणाले.

शेवटचा थांबा राजवाड्याचं अंगण. सगळे सावलीला उभे राहिले. “कुणाला काही विचारायचंय?” तिने नेहमीप्रमाणे विचारलं. एकाने भिंतीची उंची विचारली, दोघांनी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. मग मागून एक हात वर झाला. तिने क्षणभर पाहिलं.

“विचारा.”

“इथे कायमचं राहायला यायचं म्हटलं तर?”

लोक हसले. ती हसली नाही.

तीन वर्षांपूर्वी तो असाच कायमचा आला होता. चार महिने टिकला. इंजिनाची घरघर नाही म्हणून त्याला झोप लागेना. दिवसभर करायचं काय, म्हणून त्याने घरातले पडदे, चादरी, टॉवेल, शेवटी फडकीसुद्धा इस्त्री केली. परत जायच्या दिवशी बॅग भरताना तो शीळ घालत होता. आपण शीळ घालतोय हे त्याला कळलंही नव्हतं. स्वयंपाकघरात तिने ती ऐकली होती. त्यावरून ती एका शब्दाने त्याला बोलली नाही, पण ती शीळ तिच्या डोक्यातून गेलीही नाही.

“येतात काही जण,” ती गाइडच्याच आवाजात म्हणाली. “त्यांच्यासाठी आम्ही कपाटातला खण रिकामा करतो. पण त्यांना इथे करमत नाही. ते गेले की तो खण पुन्हा भरायला फार जिवावर येतं.” मग तिने पुढच्या दाराकडे हात केला. “चला, उजवीकडून बाहेर.”

पुढचा गट यायला पंधरा मिनिटं होती. गाइड लोकांच्या खोलीत ती डबा उघडून बसली. दोन घास खाल्ले आणि डबा त्याच्याकडे सरकवला.

“खरंच विचारलंस का मघाशी?”

“हो.” त्याने कागद काढून तिच्यासमोर ठेवला. “आज द्यायचाय.”

तिने तो सावकाश वाचला. “मग तूच सांग. राहशील? माझ्याकडे बघून सांग.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. लहानपणापासूनची शेजारीण, मग बायको. तिच्यापुढे त्याचं खोटं कधी टिकलं नव्हतं. “माहीत नाही गं,” तो म्हणाला.

“मग मी ‘ये’ कसं म्हणू? एकदा म्हणून झालंय.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिने डबा बंद केला, उठली आणि पाठमोरी होऊन पाण्याची बाटली भरू लागली. बॅगेच्या पट्ट्याने तिच्या निळ्या कोटाला पाठीवर चुण्या पडल्या होत्या. कोपऱ्यात टेबलाखाली एक जुनाट इस्त्री होती.

“तो कोट काढ जरा. दोन मिनिटं दे.”

“असू दे रे. कोण बघतंय?”

“मी बघतोय.”

तिने कोट काढून दिला. त्याने खोलीतलीच एक चादर टेबलावर दुमडून घातली, रुमाल ओला करून वर पसरला, आधी पाठ, मग बाह्या, शेवटी कॉलर. घाई केली नाही. ती भिंतीला टेकून त्याचे हात बघत उभी राहिली.

“गरम आहे अजून,” कोट अंगात चढवताना ती म्हणाली. थोडा वेळ ती तशीच, दोन्ही हात पोटाशी घेऊन थांबली. मग नवे स्टिकर उचलून बारा नंबरच्या गटाकडे गेली.

बोटीवर चढताना त्याने कागद सही करून दिला.

संध्याकाळी वरून कपड्यांच्या गाड्या खाली आल्या. धुवायच्या आधी स्टिकर काढावे लागतात, नाहीतर त्यांचा डिंक कापडात बसतो. शहराच्या दिवशी शेकडो निघतात आणि कचऱ्यात जातात. आकाशी शर्टावर सात नंबर होता. त्याने नखाने कड उचलून तो अलगद सोडवला. मग हिरव्या झग्यावरचा, मग एका टोपीवरचा. तिने एकेक अंगठ्याने दाबून लावलेले. तासाभरात अकरा निघाले. इस्त्रीच्या टेबलामागच्या पत्र्याच्या भिंतीवर त्याने आधी स्वतःचा लावला, मग त्याच्या शेजारी एका ओळीत ते अकरा.

“मास्तर, हे काय?” शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं.

“आमच्या गावचे आहेत,” तो म्हणाला, आणि पुढचा शर्ट टेबलावर पसरला.