बरगड्यांवरचे हात

"आई, हात थोडे खाली. शेवटच्या बरगड्यांवर," प्रेरणा म्हणाली.

सुलोचनाबाईंनी सतरंजीवर उताणे पडलेल्या नवऱ्याच्या दोन्ही कुशींवर तळवे टेकवले. प्रभाकररावांची बायपास पावसाळ्याआधी झाली होती. सून फिजिओथेरपिस्ट. नागपूरला जाऊन शिकून आलेले पिलाटेसचे, श्वास सांभाळत अंग उचलायचे व्यायाम ती रोज सकाळी त्यांच्याकडून करून घेई. पण पवनारच्या या किराणा दुकानदाराच्या घरात सुनेनं सासऱ्याच्या अंगाला हात लावायची रीत नव्हती. म्हणून सून सांगायची आणि सासूचे हात ते करायचे. सगळ्या संसारात सुलोचनाबाईंनी नवऱ्याला दिवसाउजेडी एवढा हात कधी लावला नव्हता. पहिल्या दिवशी दोघंही लाजली आणि प्रेरणा हसली. तिचा नवरा अंकित वारल्यापासून त्या घरात कोणी हसलं असेल तर तेव्हाच.

"श्वास पोटात नाही बाबा, बरगड्यांच्या कडेला घ्या. आईचे हात बाहेर ढकला. आता सोडत सोडत कंबर उचला."

प्रभाकररावांनी कंबर अर्धवट उचलली, परत टेकवली आणि डोळे मिटले.

"नाई जमत, बेटा. दम नाई पुरून राह्यला."

सुलोचनाबाईंच्या तळव्यांखाली बरगड्या मात्र संथ, भरपूर फुलत होत्या. कितीतरी दिवस हेच चाललं होतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं गिऱ्हाइकांना ऐकवणारा हा माणूस रोज सकाळी धापेचं सोंग आणत होता. का, तेही त्यांना ठाऊक होतं. प्रेरणाचा भाऊ रजत तिच्यासाठी तळेगावच्या एका शिक्षकाचं स्थळ घेऊन आला होता. बायको वारलेली, माणूस सरळ. "बाबांची तब्येत सुधरू द्या, मग पाहू," एवढंच प्रेरणा म्हणाली होती. म्हणजे तब्येत सुधारली की घर रिकामं. एकुलता लेक गेला, आता त्याच्यामागे राहिलेली पोरगीही जाणार, या विचारानं सुलोचनाबाईंचं काळीज तुटायचं. म्हणून त्याही सोंगात सामील झाल्या होत्या.

आज प्रेरणा वाकली तेव्हा तिच्या भांगाशी एक पांढरा केस दिसला. तिशीही ओलांडली नव्हती पोरीनं.

"आई, दम लागलाय का त्यांना?"

"नाई," सुलोचनाबाई म्हणाल्या. "चांगला पुरून राह्यला. कधीचाच पुरते. तू रजतले होकार कळव."

प्रभाकररावांनी डोळे उघडले नाहीत. डोळ्यांच्या कडेनं पाणी तेवढं कानाकडे ओघळलं.

प्रेरणा भिंतीला टेकून खाली बसली.

"मले माहीत होतं, आई. दम लागल्यावर माणसाचा चेहरा असा नसते. मले पहिल्याच दिवशी समजलं होतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बोलली असती तर मले जा लागलं असतं ना."

मग प्रभाकररावांनी पुन्हा गुडघे दुमडले.

"सांग, बेटा. पुढचं सांग."

तिनं सांगितलं. त्यांनी श्वास सोडत कंबर पुरती वर उचलली आणि तशीच धरून ठेवली. तळव्यांखाली बरगड्या दाबलेल्या हुंदक्यांनी वेड्यावाकड्या हलू लागल्या, श्वास आत जाईना की बाहेर येईना.

"आई, जमते ना त्यांना?"

"जमते," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि हात आणखी घट्ट दाबून धरले.