धाऊचा राब

"कोयता ठेवा खाली! पेन्शन खुंटीला टांगून झाडावर चढाया निघालाव?" गुणाबाईनं अंगणातूनच तोफ डागली.

भिमानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि कोयता कमरेच्या आकडीत अडकवला.

"कुनी मोबाईलवर फोटू काढून वर धाडला तर? सरकार म्हनंल, ह्यो कसला अपंग? ह्यो तर माकडावानी चढतोय!"

"म्हनू दे."

"म्हनू दे कसं? तुमच्यासंगं ठाण्याला टाचा मी घासल्या!"

हे मात्र खरं होतं. भिमा फौजेत असताना बर्फाच्या रस्त्यावर गाडी उलटली आणि त्याचा उजवा गुडघा खिळखिळा झाला. घरी आल्यावर साधी पेन्शन सुरू झाली. पायाचं वेगळं काही मिळतं हे कळल्यावरही तो लाजत राहिला. धडधाकट हातांनी अपंग म्हणून अर्ज कसा करायचा, असं त्याचं म्हणणं. शेवटी गुणाबाईनंच त्याला ओढत ठाण्याच्या सैनिक कार्यालयात नेलं. तिथल्या एका म्हाताऱ्या सुभेदारानं अर्ज लिहून दिला, जुन्या पलटणीकडून अपघाताचा दाखला मागवला. पाय नोकरीतच गेला हे कागदावर आलं. गेल्या साली डॉक्टरांच्या बोर्डापुढं उभं राहायचं तेवढं बाकी होतं.

नेमका तोच राब तोडायचा हंगाम. किन्हवलीच्या या डोंगरपट्टीत भाताचं बी पेरण्याआधी ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडतात, वाळवतात आणि रोपाच्या जागेवर पसरून जाळतात. राब भाजला नाही तर रोप धड येत नाही. भिमा दरसाल चढायचा. दात-ओठ खात, बरा पाय पुढं टाकत, पण चढायचा. पण त्या साली गुणाबाई म्हणाली, "बोर्ड होईस्तोवर झाडाला हात लावू नका. कुनी बघितलं तर सगळं मुसळ केरात जाईल."

गावाला लढाईच्या गोष्टी सांगणारा हा गडी बायकोपुढं मुकाट झाला. पलीकडच्या ठाकूरवाडीतल्या धाऊकडं गेला आणि म्हणाला, "दादा, यंदा माझा राब तू तोड. पाय लय दुखतोय."

धाऊ वयानं मोठा. दोघांच्या घरांत बापजाद्यांपासून सावड, आज तू माझ्या कामाला ये, उद्या मी तुझ्या. धाऊनं एका शब्दानं विचारलं नाही. हसत भिमाच्या ऐनावर चढला आणि फांदीसकट खाली आला. मांडीचं हाड मोडलं ते वाकडंच जुळलं. तेव्हापासून माणूस काठीवर आला.

भिमा बोर्डापुढं गेला. डॉक्टरनं जिन्याचं विचारलं, मांडी घालून बसायचं विचारलं. "झाडावर तर चढताच येत नाय साहेब," हे भिमानं न विचारता सांगितलं. यंदा पौषात अर्ज मंजूर झाला. थकलेलं सगळं एकदम मिळालं, दर महिन्याचं चालू झालं. पोरांनी फटाके वाजवले. भिमा मात्र त्या दिवसापासून ठाकूरवाडीची वाट टाळू लागला. ज्या गुडघ्यानं त्याला मिळालं, त्याच गुडघ्याच्या नावावर धाऊचा पाय गेला होता. आणि धाऊला कुठलं बोर्ड, कुठली पेन्शन!

काल दिवस मावळायच्या आत तो पेढे घेऊन ठाकूरवाडीत गेला. धाऊच्या बायकोनं, मंगळीनं, पाणी दिलं. धाऊनं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "बेस झालं फौजी. तुझ्या पायाचं सोनं झालं."

तिथं भिमाचा बांध फुटला.

"दादा, गेल्या साली मला चढता येत व्हतं. कुनी बघंल म्हनून मी नाय चढलो. तुला चढवलं."

धाऊनं पेढा सावकाश गिळला.

"मला जोड्यानं मार, दादा. न्हाईतर पेन्शनमधला अर्धा वाटा घे. मी दर महिन्याला आनून देतो."

"पैशे काय रोपावर पसरून जाळू?" धाऊ म्हणाला. आवाज चढवला नाही. "पोर माझा कसाऱ्याला कामावर. माझा राब अजून झाडावरच हाय. सावड हातानं केली, हातानंच फेडायची. चढता येत व्हतं म्हनतोस ना? मंग यंदा चढ."

म्हणून आज कोयता.

धाऊचा ऐन अगदी रस्त्यावर. किन्हवलीची एसटी तिथूनच वळते. भिमा चढू लागला तसं बांधावर माणसं जमली. गुणाबाई मागोमाग आलीच होती. धाऊ काठी टेकून बुंध्यापाशी उभा राहिला.

पहिल्या बेचक्यापर्यंत भिमा हातांच्या जोरावर गेला. तिथून दोन-चार फांद्या तोडल्या. मग वरची फांदी गाठायला उजवा पाय उचलला, तर गुडघा मधेच अडकला. वाकेना, सरळ होईना. डोळ्यांपुढं काजवे चमकले. कोयता हातातून निसटून खाली पडला.

गेल्या साली खरंच चढता आलं असतं का? आता त्याचं त्यालाच सांगता येईना. कदाचित डॉक्टरपुढं तो खरंच बोलला होता. पण मन काही हलकं झालं नाही. धाऊला त्यानं पुढं केलं ते गुडघ्यापायी नव्हे, भीतीपोटी. ते कुठलंही बोर्ड पुसणार नव्हतं.

या देण्यात आपलाही वाटा आहे हे गुणाबाईला कळलं. तिनं पदर खोचला, खाली पडलेल्या फांद्या गोळा केल्या, डोक्यावर घेतल्या आणि धाऊच्या रोपाच्या जागेकडं चालू लागली.

"उतर," धाऊ म्हणाला.

"उतरता येईना, दादा."

धाऊनं काठी बाजूला टाकली. बुंध्याला पाठ लावली, वाकडा पाय मातीत रोवला आणि खांदा भिमाच्या लोंबत्या पायाखाली दिला.

"ठेव पाय."

"नको दादा. तुला नाय पेलनार."

"ठेव म्हंतो ना! एक पडला तेवढं बास झालं."

भिमाच्या डोळ्यांतलं पाणी धाऊच्या टाळूवर पडत होतं. हात सुटत चालले होते. दुसरा इलाजच उरला नाही, तेव्हा त्यानं तो सरकारमान्य पाय धाऊच्या खांद्यावर ठेवला आणि अंगाचा सगळा भार त्या माणसावर टाकला.