भिंत आपली होईपर्यंत

मित्रांनो, भिंगारच्या एका बोळात, परसातल्या शेवग्याखाली एक गंजलेला हिरवा डबा आडवा पडला आहे. शेजारची कोंबडी अधूनमधून त्यात अंडे घालते. तेवढ्यापुरती घरातल्यांना माझी आठवण होते. मी एक जुनी भुशाची शेगडी आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी शेगडी पाहिलीही नसेल, म्हणून आधी माझी ओळख करून देते.

माझा पत्रा लष्करातला. गाड्यांना लावायच्या रंगाचा तो डबा होता. रंग संपला, रिकामे डबे लिलावात निघाले आणि बाजारातल्या आसाराम पत्रेवाल्याने त्यातला एक उचलला. त्याने वरचे झाकण कापून टाकले, तळाशी एका बाजूला मुठीएवढे छिद्र पाडले आणि भांडे टेकायला वर तीन लोखंडी तुकडे ठोकले. झाले माझे रूप तयार.

मला भरायची रीत मोठी गमतीची होती. मधोमध एक बाटली उभी धरायची, खालच्या छिद्रातून एक गोल दांडका बाटलीला भिडेल असा सरकवायचा आणि भोवती लाकडाचा भुसा चेपून चेपून भरायचा. मग बाटली आणि दांडका हलकेच फिरवून काढून घ्यायचे. मध्ये पोकळ वाट राहते. त्या वाटेने विस्तव वर चढतो आणि भुसा आतून सावकाश जळत राहतो. भरणी घट्ट असेल तर एका भरणीत सगळ्या घराचा स्वयंपाक होतो. भुसा तर लाकडाच्या वखारीत जवळजवळ फुकट मिळे.

छबूबाई मला विकत घ्यायला आली तो दिवस आठवतो. एकोणीसशे सत्तर सालचा उन्हाळा होता.

"दोन रुपये," आसाराम म्हणाला.

"डबा सरकारचा, भुसा वखारीचा. तुझं काय हाय त्यात?"

"हात लागलेत ना माझे, बाई."

"मग हाताचं आठ आनं घे की."

आसाराम हसला. शेवटी रुपयावर सौदा पटला आणि छबूबाईने मला डोक्यावर घेऊन घरी आणले. टांगा समोर उभा होता, पण ती चालत आली. तिचे वागणे असेच होते.

तिचा नवरा सूर्यभान हा लष्कराच्या गाड्या दुरुस्त करण्याच्या कारखान्यात फिटर होता. मुलगी रतन सहावीत शिकत होती. कितीतरी वर्षे भाड्याच्या खोल्यांत काढल्यावर त्यांनी हे दोन खोल्यांचे जुने घर विकत घेतले होते. जवळचे पैसे पुरले नाहीत, म्हणून कामगारांच्या पतपेढीकडून सूर्यभानने कर्ज काढले आणि घर गहाण ठेवले. मित्रांनो, घर गहाण ठेवतात तेव्हा राहायचे आपणच, पण घराचे खत, म्हणजे मालकीचा कागद, कर्ज देणाऱ्याच्या कपाटात राहतो. कर्ज फिटले की तो परत मिळतो. हप्त्यापेक्षा थोडे जास्त भरत गेले तर व्याज कमी पडते आणि कागद लवकर घरी येतो. सात वर्षांची मुदत होती. छबूबाईने पहिल्या दिवशीच सांगून टाकले, "सात न्हाई. त्याच्या लई आधी."

तिची ही घाई उगीच नव्हती. ती जामखेडकडची. तिचे आईवडील दरवर्षी दसरा झाला की ऊस तोडायला जात. साखर कारखान्याच्या माळावर उसाच्या पाचटाच्या खोपटात, त्याला कोपी म्हणत, तिचे लहानपण गेले. दाराला कडी असलेले स्वतःचे घर तिने कधी पाहिलेच नव्हते.

मग तिची काटकसर सुरू झाली. सूर्यभान बिडी सोडून सुपारीवर आला आणि पुढे सुपारीही सुटली. चहात दूध फक्त रतनला. मोठ्यांना गुळाचा कोरा. अंगाच्या साबणाचे उरलेले तुकडे एकमेकांवर दाबून त्यांची नवी वडी होई. काडी ओढायची नाही म्हणून छबूबाई शेजारच्या गोजरबाईकडून उलथन्यावर विस्तव मागून आणी. माझ्या एका भरणीत ती भाकरी, कालवण, आंघोळीचे पाणी आणि शेवटच्या धगीवर मूठभर शेंगदाणे इतके सगळे करून घेई. वाचलेले चार-आठ आणे फडताळातल्या डब्यात पडत आणि पगाराच्या दिवशी हप्त्याबरोबर पतपेढीत जात.

गोजरबाई रोज थट्टा करी. "छबू, तुझ्या घरी साबनाची वडी हाय का चिंचोका? दिसतच न्हाई!"

"आक्का, कागद घरी येऊ द्या. तुमाला आख्खी वडी भेट देते."

त्या घरात हसणे पुष्कळ होते. मला भरताना छबूबाई गुणगुणत असे आणि रतन बाटली धरून बसे. तेव्हा मला वाटे, भिंगारात माझ्याइतकी मानाची शेगडी दुसरी नसेल.

पण स्वयंपाकाची खोली मात्र वाईट होती. आधीच्या मालकाने ती कडबा ठेवायला बांधलेली. तिला खिडकी नव्हती, धुराडेही नव्हते. भुसा चांगला कोरडा असला तर मी फारसा धूर करत नाही. पण पेटताना आणि विझताना करतेच. तो धूर त्या खोलीतच घुटमळे. मला बाहेर ठेवता आले असते, पण वाऱ्यावर भुसा भराभर जळतो आणि दुसरी भरणी लागते. म्हणून छबूबाई मला आत ठेवी आणि दारही लोटून घेई. बंद खोलीत भुसा पुरून उरे.

गोजरबाई एकदा आत डोकावली आणि पदर नाकाला लावून मागे सरली. "अगं बाई, इथं मांजर शिरलं तर काळं हून बाहेर येईल. पाड की येखादा झरोका त्या मागच्या भिंतीत."

"न्हाई आक्का. भिंत अजून आमची न्हाई. गहान हाय."

"म्हून काय झालं?"

"लहानपनी कोपीत धूर व्हायचा म्हून माझ्या आईनं पाचटाला वीतभर वाट केली. मुकादम आला अन् सगळ्यांदेखत म्हनला, जागा तुझ्या बापाची हाय का? आई लई रडली. दुसऱ्याच्या भिंतीला मी हात लावनार न्हाई. कागद आला की पयली खिडकी."

सूर्यभानही एकदा म्हणाला होता, "काकासाहेबांना इचारून बघू का?" काकासाहेब पतपेढीचे चिटणीस.

"नगा इचारू. म्हनतील, कर्ज फिटलं न्हाई तवर मालकी गाजवाया लागले."

त्यालाही ते पटले असावे. आपण कोणाचे देणे लागतो तोवर मान खाली घालून राहावे, अशी त्या दोघांची समजूत होती. आणि खिडकी लवकर मिळावी म्हणून छबूबाई आणखी काटकसर करू लागली.

एकाहत्तर साली लढाई झाली. कारखान्यात दिवसरात्र काम चाले. सूर्यभानला ओव्हरटाइम मिळाला, तो सगळा पतपेढीत गेला. कर्जाचा मोठा भाग फिटला. घरात सणासारखे वाटले होते.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, माणसे खडी फोडायला गेली, रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, खावी लागली. सगळेच महागले, तसा भुसाही महागला. वखारवाला आता पोत्याचे पैसे मोजून घेऊ लागला. हप्त्यावरची जादा रक्कम थांबणार असे दिसू लागले. छबूबाईने ती थांबू दिली नाही. ती भुशात गवऱ्यांचा चुरा, वाळका पाला, काटक्यांचा भुगा, जे मिळेल ते मिसळून मला भरू लागली. मित्रांनो, विस्तव मिळेल ते जाळतो, पण धूर कसला होईल हे शेगडीच्या हातात नसते. ती खोली सकाळ-संध्याकाळ धुराने गच्च भरू लागली. भाकरी थापणारे तिचे हात मला दिसत, तोंड दिसत नसे.

पहिल्यांदा तिचे गुणगुणणे बंद झाले. मग खोकला सुरू झाला. मला भरता भरता ती मध्येच थांबे, भिंतीला टेके आणि श्वास गोळा करी. रतन म्हणे, "आये, आज मी करते स्वयंपाक." तर ती तिला बाहेर घालवी. "तू अभ्यास कर. ह्या धुरात तुजं काय काम?"

स्वतःचे काम मात्र तिथेच आहे असे ती धरून चालली होती.

सूर्यभान तिला नगरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. परत आल्यावर दोघे माझ्यासमोरच बोलत बसले होते.

"डाक्टरांनी धुरात बसायचं न्हाई म्हून सांगितलंय."

"थोडंच ऱ्हायलंय आता. दसऱ्याला कागद घरात. मग बसते की खिडकीत दिवसभर, महारानीसारखी."

"छबू, दसरा पुढल्या सालीबी येतो."

"व्याजबी येतं," ती म्हणाली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

सूर्यभानने हप्त्याच्या पैशातून औषधाची बाटली आणली. ती बाटलीसुद्धा छबूबाई पुरवून पुरवून घेई. दोन चमच्यांच्या जागी एक. सूर्यभान कामावर असे, त्याला हे कळत नसे. फडताळाच्या खाली मी होते. मी रोज पाहत होते. पण शेगडीला कुठे बोलता येते?

त्र्याहत्तरच्या दसऱ्याला काकासाहेब स्वतः कागद घेऊन आले. मुदतीच्या कितीतरी आधी कर्ज फेडणारा असा सभासद पतपेढीला मिळाला नव्हता, म्हणून त्यांना फार कौतुक. गोजरबाई आणि बोळातल्या बायका जमल्या. छबूबाई उंबऱ्यावर उन्हाला बसली होती. आता तिला उभे राहिले की धाप लागे. तिने कागद दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मग खालच्या आवाजात विचारले, "काकासाहेब, आता मागच्या भिंतीत खिडकी पाडली तर चालंल ना?"

काकासाहेबांना प्रश्न कळेना. "खिडकी? अहो वहिनी, त्याला कोणी मना केलं होतं? कर्ज फिटेपर्यंत घर विकू नका, एवढंच आमचं म्हणणं असतं. खिडकी पाडा, माळा चढवा, घर सुधारलं तर पतपेढीला चांगलंच की! पहिल्या दिवशी विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

काकासाहेबांच्या हातातला गुळाचा चहा तसाच राहिला. छबूबाई कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आसं व्हय." एवढेच.

सूर्यभान उठला. सणाचे धुतलेले कपडे अंगावर होते, तसाच शेजारून पहार मागून घेऊन आला आणि मागच्या भिंतीवर घाव घालू लागला. कच्च्या विटांची भिंत ती. तिला वेळ लागला नाही. त्या खोलीत पहिल्यांदा ऊन आले. काजळीने काळ्या झालेल्या भिंती, तुळया, माझे काळवंडलेले अंग, सगळे एकदम उघडे पडले. रतनच्या हाताला धरून छबूबाई आत आली. सूर्यभान विटांच्या ढिगाशी पहार धरून उभा होता आणि त्याला रडू आवरत नव्हते.

"अवो, सनाच्या दिवशी रडू नये," ती म्हणाली. "लई झ्याक उजेड आला."

तिला त्या उजेडात फार दिवस बसता आले नाही. मार्गशीर्षाच्या थंडीत ती गेली. घराचा कागद फडताळात होता, घर कोणाचे काही देणे लागत नव्हते आणि घरात ती नव्हती.

पुढे वर्षभर रतनच माझ्यावर स्वयंपाक करी. आईचे बघून बघून तिने सगळे उचलले होते. मला तशीच घट्ट भरी. पेटवली की तशीच दार लोटून घेई आणि नव्या खिडकीची फळीही लावून टाकी. बाहेर बसलेला सूर्यभान उठे, दार उघडे, आत येऊन फळी काढे.

"दादा, वाऱ्यानं भुसा लवकर जळतोय," ती बापाला म्हणे.

"जळू दे," तो म्हणे.

ती पुन्हा लोटून घेई, तो पुन्हा उघडे. असे किती दिवस चालले कोण जाणे. मग एकदा तो घासलेटचा स्टोव्ह घेऊन आला आणि त्याने मला उचलून शेवग्याखाली ठेवले. मला त्याचा राग आला नाही.

मित्रांनो, काटकसर वाईट असे मी कधी म्हणणार नाही. छबूबाईच्या साबणाच्या वड्या, तिच्या एका भरणीतला स्वयंपाक, यांनीच ते घर मोकळे केले. तुम्हीही वस्तू जपून वापरा, पैसे वाचवा, घेतलेले कर्ज वेळेआधी फेडा. पण घरातली आई, आजी, ताई कशात बचत करते आहे तेही पाहत जा. ती म्हणेल, मला दूध नको, मला औषध आज नको, मला धुराचे काही वाटत नाही. तेव्हा तिचे ऐकू नका. आणि अमुक चालेल का, तमुक चालेल का, असे मनात आले तर ज्याला ठाऊक असेल त्याला जाऊन विचारा. विचारताना लाजू नका. आज घरी गेल्यावर आधी स्वयंपाकघरात जा, आईजवळ थोडा वेळ बसा आणि तिला श्वास नीट घेता येतो आहे ना, एवढे बघा.