म्यानातलं पातं

राजलक्ष्मी काटकर सरकारी वकील होत्या, आणि हे कुणाला सांगावं लागत नसे. त्या कोर्टाच्या व्हरांड्यातून निघाल्या की बाकड्यावर टेकलेली निरपराध माणसंही आपण काय केलं होतं ते आठवू लागत. मे महिन्यात ग्वाल्हेरचं ऊन रस्त्यावरचं डांबर वितळवतं, पण बाईंच्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीवर घामाचा डाग कधी कुणी पाहिला नव्हता. त्यांच्या खोलीला कूलर मंजूर झाला, तेव्हा सहकारी म्हणाले, उगाच वीज कशाला, दार उघडं ठेवलं तरी सगळ्या मजल्याची सोय होईल.

बाईंना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक घराण्याचा, काटकर दख्खनेतून फौजेबरोबर आलेले. दुसरा नजरेचा. साक्षीदार पिंजऱ्याच्या पायऱ्या चढेपर्यंत तो खरं बोलणार की खोटं, हे त्यांना समजलेलं असे. त्यासाठी त्या आडनाव, पत्ता आणि चपला एवढंच पाहत. पत्ता हरिशंकरपुरमच्या बंगल्यांतला असला की माणूस निम्मा खरा ठरे. बिर्ला नगरचा असला, म्हणजे बंद पडलेल्या गिरण्यांच्या चाळीतला, की निम्मा खोटा. उरलेल्या निम्म्याचा निकाल चपला लावत. या पद्धतीत त्यांची एकदाही चूक झाली नव्हती, कारण चूक झाली का हे पाहायला त्या कधी मागे वळल्या नव्हत्या.

तेव्हा बिर्ला नगरच्या रमाकांत शिकलगाराची फाइल हाती आली आणि बाईंच्या मते खटला पहिल्या पानावरच संपला.

प्रकरण साधं होतं. महिपतराव पिसाळ हे जुन्या सरदार घराण्यातले, वय अठ्ठ्याहत्तर, पत्ता हरिशंकरपुरम. नातीच्या लग्नात नवरदेवाच्या कमरेला घराण्याची तलवार बांधायची ठरली, म्हणून त्यांनी ती रमाकांतकडे साफ करायला दिली. हत्यारांना पाणी देणं, धार लावणं हे रमाकांतचं पिढीजात काम. आठ दिवसांनी मूठ आणि म्यान आरशासारखं लखलखत परत आलं. लग्नात वऱ्हाडी धन्य झाले. पुढे नवरदेवाला, मेजर विक्रमसिंहांना, फोटोसाठी तलवार उपसायची लहर आली. विक्रमसिंह मुरारला फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपात होते. त्यांनी पातं पाहिलं, बोटानं वाजवलं आणि भर मांडवात म्हणाले, "दादाजी, ये तो गाडी की कमानी का पट्टा है."

पोलीस आले. तज्ज्ञाचा अहवाल आला: पातं मोटारगाडीच्या कमानीचं, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचं, मुळाशी कमानीच्या बोल्टाचं भोक, ते पितळेनं बुजवलेलं. रमाकांतनं अस्सल पातं लांबवून हे बसवलं, असा आरोप ठेवला गेला. शिक्षा झाली तर काही वर्षं तुरुंग, आणि त्यानंतर कुणीही त्याच्या हातात भाजी चिरायची सुरीसुद्धा दिली नसती.

न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"मी बदललं नाही, साहेब."

"मग कुणी बदललं?"

रमाकांतनं आपल्या चपलांकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. डाव्या चपलेचा अंगठा तारेनं शिवलेला होता.

"ते मी नाही सांगू शकणार."

बाईंनी वहीत लिहिलं, 'गप्प. म्हणजे दोषी.' आणि खाली रेघ ओढली. व्हरांड्यात एका सहकाऱ्यानं विचारलं, की माणूस पन्नाशीचा आहे, एकदाही गुन्हा नाही, तुम्हाला खटकत नाही? बाई म्हणाल्या, "महिपतराव पिसाळांनी शब्द दिलाय. एका शिकलगारासाठी मी सरदाराला खोटं पाडू?"

पण बाई कामाला पक्क्या होत्या. तज्ज्ञाची साक्ष घ्यायची, तर अस्सल पातं कसं असतं हे आपल्याला ठाऊक हवं. त्या संध्याकाळी घरी आल्या, हात धुतले आणि देवघरातली काटकरांची तलवार खाली काढली.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या घरांमध्ये दसऱ्याला तलवार पुजतात ती म्यानासकट. उपसलेली तलवार रक्त मागते, अशी समजूत. त्यामुळे दरसाल म्यानाला हळदीकुंकू, मुठीला झेंडूची माळ, आणि आत काय आहे ते पाहण्याची कुणाची छाती नाही. अशा साठ-सत्तर विजयादशम्या निघून गेलेल्या. बाईंचा रक्ताबिक्तावर विश्वास नव्हता, तरी त्यांनीही आजवर ती उपसली नव्हती. गरजच पडली नव्हती.

पातं गंजून अडकलेलं. त्यांनी पायानं म्यान दाबून धरलं आणि दोन्ही हातांनी ओढलं. खर्रकन बाहेर आलं. जाड, बोथट, सबंध लांबीत सारखं. मुळाशी पितळेचा एक गोल ठिपका होता.

बाईंनी त्या ठिपक्यावर नख ओढून पाहिलं. ही तलवार रमाकांतच्या हातात कधीच गेलेली नव्हती.

त्यांच्या आई विजयाबाई बाहेरच्या खोलीत मालिका पाहत होत्या. त्यांनी टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "काढलीस का गं?"

"आईसाहेब, हे पातं..."

"तुझ्या आजोबांनी विकलं, साठेक वर्षांपूर्वी. मुंबईचा कुणी शौकीन आला होता. त्यांचा एक घोडा रेसमध्ये पळायचा. म्हणजे, पळेल असं वाटायचं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"किल्ल्या हातात देताना सासूबाईंनी सांगितलं. अशा सगळ्या घरांतल्या बायकांना ठाऊक आहे. पुरुषांना नाही सांगत, त्यांना मिशा असतात."

"आणि मला?"

विजयाबाईंनी आता मात्र मालिका थांबवली. "तुला मिशा नाहीत, पण तू कधी कुणाला काही विचारतेस का, राजी? तू बघतेस आणि ठरवतेस."

कोर्टात असा जबाब कुणी दिला असता तर बाईंनी हरकत घेतली असती. इथे हरकत ऐकायला कुणी नव्हतं. त्या खाली बसल्या आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी एक सरळ प्रश्न विचारला.

"नवं पातं कुणी बसवलं?"

"बिर्ला नगरचा एक म्हातारा शिकलगार होता. गिरणीत कामाला. मुका होता की काय कोण जाणे, आमच्यासमोर कधी बोलला नाही. त्याचा मुलगा असेल आता, तोच धंदा करून राहिला असेल."

"करून राहिलाय," बाई म्हणाल्या. "सध्या माझ्या फाइलीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या महिपतरावांकडे गेल्या. त्यांच्याच बाजूचा साक्षीदार, भेटायला हरकत नव्हती. महिपतरावांनी चहा मागवला, तलवारीची हकीकत ऐकली आणि चहा तसाच ठेवला.

"म्हणजे आमच्या आबासाहेबांनीही..."

"मुळाशी तोच ठिपका आहे, काकासाहेब. माझं पातं आणि तुमचं पातं एकाच हातचं. आणि ते बसवलं तेव्हा रमाकांत जन्मलाही नव्हता."

महिपतराव उठले, खिडकी लावली आणि आवाज खाली आणला. "हे बघ, तू आपली आहेस. गुरुवारी तज्ज्ञाची साक्ष झाली की शिकलगाराचा निकाल लागेल, विषय मिटेल. नाहीतर गावात काय तोंड दाखवायचं? उद्या लोक प्रत्येकाच्या म्यानात डोकावतील. एका शिकलगारासाठी तू दोन घराणी उघडी पाडणार?"

बाईंनी आपलंच वाक्य ओळखलं. दुसऱ्याच्या तोंडात ते अगदीच कळकट दिसत होतं.

"तो तुरुंगात जाईल, काकासाहेब. ज्याला ठाऊक होतं तो गप्प बसला आणि ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं त्यांनी शपथेवर सांगितलं. मला वाटतं, यात लाज कुणाची ते उघड आहे."

"तुझ्या घराचं काय?"

"ते मी स्वतःच घेऊन जाते. दुसऱ्या कुणी डोकावण्याआधी."

गुरुवारी कोर्टाच्या फाटकावर शिपायानं चादरीत गुंडाळलेल्या लांबोळक्याकडे बोट दाखवलं. "मॅडम, इसमें क्या है?"

"तलवार. नोंद करून घ्या."

शिपायानं नोंद केली. दुसऱ्या कुणी असं उत्तर दिलं असतं तर त्याला आत बसवलं असतं. बाईंना आत सोडलं.

त्यांनी खटला मागे घेण्याचा अर्ज आधीच वरून मंजूर करून आणला होता. न्यायाधीशांनी कारण विचारलं. बाईंनी चादर उलगडली, मुद्देमालातल्या पात्याशेजारी आपलं पातं ठेवलं आणि नेहमीच्याच थंड, स्वच्छ आवाजात सांगितलं की हे काटकर घराण्याचं. विकणारे माझे आजोबा. घोड्याचं नाव ठाऊक नाही. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. बाईंनी वळून पाहिलं नाही आणि त्यांचा आवाजही हलला नाही. गेली वीस वर्षं त्या दुसऱ्यांविरुद्ध ज्या ठामपणानं बोलत, त्याच ठामपणानं आज स्वतःविरुद्ध बोलल्या, आणि ऐकणाऱ्यांच्या मते जास्त चांगलं बोलल्या.

महिपतराव मान खाली घालून बसले होते. त्यांना विचारलं तेव्हा ते उठून म्हणाले, "मी पातं कधी पाहिलं नव्हतं. शपथेवर सांगितलं, पण पाहिलं नव्हतं." म्हाताऱ्याला हे बोलायला किती श्रम पडले ते दिसत होतं.

न्यायाधीशांनी अर्ज मान्य केला. रमाकांत सुटला. तो निघताना न्यायाधीशांनी त्याला विचारलं, "अरे, हे आधीच का नाही सांगितलंस?"

"बापूंनी सरदार लोकांना शब्द दिलेला, साहेब. घर की बात घर में रहेगी. बापू गेले, शब्द माझ्याकडे आला."

व्हरांड्यात बाईंनी त्याला गाठलं. लोक पाहत होते. सरकारी वकील आरोपीच्या मागे चालत जाताना त्या इमारतीत पहिल्यांदाच दिसत होता.

"रमाकांतजी, माझी चूक झाली. मी तुमच्याकडे नीट पाहिलंच नाही."

त्याला हे कसं घ्यावं ते कळेना. "होते, मॅडम," तो म्हणाला.

"होत नाही. मी केली." मग त्यांनी विचारलं, "अशी किती घरं आहेत?"

"ते मी नाही सांगणार."

बाईंना उत्तर न मिळण्याची सवय नव्हती. त्यांनी त्या माणसाकडे नीट पाहिलं, चपलांपासून सुरुवात न करता, आणि मान डोलावली.

"बरोबर. सांगू नका." मग त्यांनी चादरीतली तलवार पुढे केली. "दसरा जवळ आलाय. ही फार गंजलीय, साफ करून द्याल?"

रमाकांतनं हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

"देईन. लेकिन पहले लिखके दीजिए. काय दिलं, कसं दिलं, सगळं."

"अगदी योग्य," बाई म्हणाल्या. त्यांनी व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून उभ्या उभ्या लिहिलं: 'तलवार एक. मूठ व म्यान अस्सल. पातं ट्रकच्या कमानीचं, गंजलेलं. साफ करण्यास दिलं.' खाली संपूर्ण नावानं सही केली.

रमाकांतनं चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि परत दिला.

"ट्रक नाही, मॅडम. बसचं आहे. बापू ट्रकचं लोखंड वापरत नव्हते."

बाईंनी 'ट्रकच्या' खोडून 'बसच्या' लिहिलं आणि खोडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे आणखी एक सही केली.