कुणीतरी येणाऱ्याची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मित्रांनो. एका सुताराने मला उरलेल्या फळ्यांतून घडवले. घरात माणसे तीन, तो, बायको आणि मुलगी, पण खुर्च्या केल्या चार. "ही कुणाची?" मुलीने विचारले. "जो येईल त्याची," तो म्हणाला.

जेवणापूर्वी तो देवाचे उपकार मानायचा आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणायचा, "प्रभू, आज कुणाला तरी पाठव." आणि कुणीतरी यायचेच! कधी चर्चचे पाळक, कधी वाट चुकलेला पाहुणा, आणि बहुतेक वेळा खालच्या खोलीतली एकटी शिवणवाली मावशी. मग सुताराची बायको गुपचूप रश्श्यात पाणी घालायची. मावशी वाटीत डोकावून म्हणायची, "रस्सा पातळ दिसतोय, म्हणजे अजून कुणी यायचंय वाटतं." घरभर हसू पसरायचे. त्या घरात कशाचीही रेलचेल नव्हती, तरी मला ते भरलेले वाटायचे.

सुतार आणि त्याची बायको प्रभूघरी गेली. मुलीचे लग्न झाले, बाळ झाले, हाताशी पैसा आला. मोठे घर मिळावे म्हणून ती रोज प्रार्थना करी. चर्चची अख्खी मंडळी घरी प्रार्थनेला बसवायची होती तिला. मन खरेच चांगले होते हो तिचे. घर मिळाले. गुळगुळीत फरशी, गादीच्या सहा खुर्च्या. माझ्या पायाने फरशीवर ओरखडा उठला आणि मी गॅलरीत आले. डाग पडतील, मुले सांडतील, या धास्तीने मंडळीचे बोलावणेही पुढे पुढे गेले. उपकार मानणे चालूच होते. फक्त शेवटचे वाक्य कधी गळाले, कुणाच्या ध्यानातच आले नाही.

एका संध्याकाळी मावशी आली. थकलेली, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. तिने आल्याआल्या विचारले, "माझी खुर्ची कुठंय गं, पोरी?"

"सोफ्यावर बसा ना मावशी," मुलगी म्हणाली, आणि लगबगीने सोफ्यावर जुनी चादर अंथरली.

मावशीने चादरीकडे पाहिले. जेवूनच आलेय म्हणाली, बाळाच्या गालावरून हात फिरवला आणि जिना उतरली.

गॅलरीतून मला खालचा कट्टा दिसतो. मावशी त्यावर बसली. पिशवीतून पावाचा तुकडा काढला, डोके लववून उपकार मानले, मग खाल्ला. वाळलेले कपडे काढायला आलेली मुलगी माझी पाठ घट्ट धरून हे सगळे बघत होती. हाक मारायला तिने तोंड उघडले. आत चादर अजून तशीच होती. हाक निघालीच नाही.

मावशी पुन्हा आली नाही. हिवाळ्यात ती गेल्याचा निरोप आला.

त्या दिवशी मुलीने मला ओढतच आत आणले. फरशीवर दारापासून टेबलापर्यंत लांब रेघ उठली. तिने ती पुसली नाही.

आता मी टेबलाशी असते. ते जुने वाक्य रोज म्हटले जाते. जिन्यात पावले वाजली की ती हातातला घास थांबवते. पावले पुढे जातात. या इमारतीत कुणी कुणाचे दार वाजवत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी खुर्ची रिकामी ठेवा, आणि तिच्यावर चादर अंथरू नका. आणि कधी या जिन्याने जाणे झाले, तर आमचे दार वाजवा. रस्सा पातळ केलेला असेल.