बांगड्या वाढल्या

“बांगड्या वाढल्या गं परवा हातातल्या,” सुहासिनीआजी म्हणाल्या, “तेव्हापासून डोकं जरा जड वाटतंय.”

मिहिकाने त्यांचा उजवा हात हातात घेतला. मनगटावर हिरव्या काचेच्या दोन-तीनच बांगड्या उरल्या होत्या आणि त्या सैल होत्या. म्हणजे मनगट बारीक झालं. म्हणजे वजन उतरतंय.

“भूक लागते का, आजी?”

“कसली भूक! इथे दिवसभर एसीत बसून असतो आम्ही.”

शेजारच्या खुर्चीवर बसलेले हेमचंद्रआजोबा म्हणाले की ही दोन दिवस झोपतेही फार. मिहिकाला तेही जुळत गेल्यासारखं वाटलं. तिने रक्तदाब पाहिला, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, थायरॉइड आणि साखर तपासायला रक्त पाठवलं. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे आजींना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू होती. ती तशीच घ्यायला सांगितली. रिपोर्ट उद्या येतील, म्हणाली. निघताना आजींनी तिच्या गालावरून हात फिरवला. “येते हं. आपलं माणूस भेटलं, बरं वाटलं.”

अल कुसैसच्या त्या क्लिनिकमध्ये मिहिका वॉर्डातली नोकरी सोडून फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचं शिक्षण घेत होती. इतकी वर्षं ती दुसऱ्याने ठरवलेलं औषध देत आली होती. आता काय झालंय हे तिने स्वतः विचारायचं, तपासायचं, ठरवायचं होतं. या महिन्यापासून तिला एकटीने पेशंट बघायची परवानगी मिळाली होती. शेवटी फक्त शहनाझ मॅडमना दाखवून त्यांची सही घ्यायची. मॅडम हैदराबादच्या, त्याच कामात मुरलेल्या. त्यांनी वाचलं, एकदाच विचारलं, “वज़न का किसने बोला?”

“पेशंट ने. मराठी में.”

“फिर ठीक है. तुम्हारी अपनी ज़बान है.” त्यांनी सही केली.

मिहिका शारजात वाढली होती. तिची मराठी घरातली होती: जेवणाची, आजारपणाची, रागावण्याची. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी. तरी क्लिनिकमध्ये मराठी माणूस आलं की सगळे तिलाच बोलवत, आणि तिला त्याचा अभिमान वाटे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अल नहदातल्या मिहिकाच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये वडिलांनी घेतलेल्या नव्या गाडीची पूजा चालली होती. आईने बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं आणि घाईने म्हणाली, “अहो, नारळ वाढवा लवकर. तो वॉचमन आला की पुन्हा ओरडेल, मागच्या वेळेसारखा.”

वडिलांनी नारळ चाकाजवळच्या दगडावर आपटला. पाणी काँक्रीटवर पसरलं. मिहिका फडकं घेऊन वाकली आणि वाकलेलीच राहिली.

“आई, नारळ वाढवा म्हणजे?”

“म्हणजे काय? फोडा. देवाच्या कामात फोडा म्हणू नये.”

लहानपणापासून तिने हे ऐकलं होतं. तिला वाटायचं, आई जेवायला वाढते तसाच तोही प्रसादाचा नारळ, सगळ्यांना वाढायचा.

“आणि बांगड्या वाढल्या म्हणजे?”

“फुटल्या,” आई म्हणाली. “नवरा असलेल्या बाईने बांगड्या फुटल्या असं बोलू नये. का गं?”

बांगड्या परवा वाढल्या, असं म्हणाल्या होत्या आजी. मनगट एका दिवसात बारीक होत नाही. बांगड्या मात्र एका क्षणात फुटतात, आणि माणूस पडलं की फुटतात. रक्त पातळ करणारी गोळी घेणारं माणूस. आणि तेव्हापासून डोकं जड.

पूजा तशीच टाकून तिने क्लिनिकमधून नंबर मागवला. तो आजींच्या मुलाचा, सिद्धांतचा होता. तो नुकताच ऑफिसमधून घरी आला होता.

“आई ना? झोपलीय दुपारपासून. रिपोर्टमध्ये काही आहे का?”

“त्यांना उठवून बघा. आत्ता. मी फोनवर आहे.”

तिला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू आला, मग दार, मग त्याची हाक. आधी साधी, मग मोठी. मग तो परत फोनवर आला. “उठत नाहीये ती.”

“अँब्युलन्स बोलवा,” मिहिका म्हणाली. “त्यांना सांगा, डोक्याला मार लागलाय आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.”

रात्रीतच ऑपरेशन झालं. कवटीखाली साचलेलं रक्त काढलं, जीव वाचला. वाचा मात्र गेली. परत येईल किंवा येणार नाही, डॉक्टर म्हणाले.

सकाळी मिहिकाने शहनाझ मॅडमना सगळं सांगितलं. कोणता शब्द, तिने काय समजून घेतलं, गोळी चालू असताना कधी पडलात का एवढंही विचारलं नाही. मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

“सही मेरी भी थी,” त्या म्हणाल्या. “ऊपर मैं लिख के दूँगी. अकेले देखना अभी बंद. फिर से मेरे बाज़ू में बैठो.”

मिहिकाने मान हलवली.

चार दिवसांनी ती हॉस्पिटलमध्ये गेली. आजी उशीला टेकून होत्या. उजवा हात उचलला जात नव्हता, त्यालाच सलाईन होतं. दोन्ही मनगटं उघडी. आजोबा स्टुलावर बसले होते. त्यांच्यासमोर उभी राहून तिने सांगितलं, “आजोबा, त्या वाढल्या म्हणाल्या ते मला कळलं नाही. मला वाटलं, मोठ्या झाल्या.”



“बाथरूममध्ये पडली,” आजोबा म्हणाले. “मला सांगू देईना. सिद्धांतला कळलं तर पुण्याला परत धाडेल म्हणाली. तुझ्याकडून घरी जाताना म्हणते, सांगितलं हो मी त्या पोरीला, तिला कळलंय.”



आजोबांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. ऑपरेशनच्या आधी उतरवलेल्या बांगड्या होत्या.

“हात उघडा बरा दिसत नाही. नर्सने परवानगी दिलीय. माझा हात थरथरतो. तू भरशील?”

तिने हात पुढे केला आणि थांबली.

“भरायच्या, म्हणजे घालायच्या ना?”

“हो,” आजोबा म्हणाले. “घालायच्या.”

तिने आजींच्या डाव्या हाताला क्रीम लावलं, बोटं एकत्र धरली आणि पहिली बांगडी त्यांच्या टोकाशी आणली. आजी तिच्याकडे बघत होत्या. मग कासाराच्या पुढ्यात बसल्यासारखा त्यांनी आपला अंगठा आपणहून आत दुमडून घेतला.